बुजऱ्यांचं सोलापूर

सोलापूरचा इतिहास सांगायला बसलं की बोलणारी माणसंच पुढं येतात. शाहीर राम जोशी इथला. जोशीपण बाजूला ठेवून तो तमाशाच्या फडात उभा राहिला, पुढं कीर्तनातही गाजला. मे १९३० मध्ये मार्शल लॉ लागला तो याच गावात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्यांचे पुतळे भर शहरात उभे आहेत. गिरण्यांच्या दारात लाल बावट्याच्या सभा व्हायच्या आणि त्या गर्दीत मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा कानावर पडायच्या.

अशा गावात माणसांना घाबरणाऱ्या माणसानं जायचं कुठं? पोलिसाला न घाबरणारा, रात्रपाळीहून अंधारात एकटा घरी येणारा, पण शेजारच्या लग्नात पंगतीला बसायचं म्हटलं की पोटात गोळा येणारा माणूस. त्याची नोंद कुठल्या गॅझेटियरमध्ये नाही. मी शहराच्या पूर्व भागातल्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. अशी माणसं मी आधी घरात पाहिली, मग गल्लीत, मग वर्गात. त्यांच्यातल्या काहींच्या दुखण्याला डॉक्टर आता सोशल अँक्झायटी डिसऑर्डर म्हणतात. हे दुखणं सोलापुरात जुनंच आहे. मात्र पूर्वी या गावातल्या धंद्यांनी त्याला लपायला जागा दिली होती आणि त्या जागा आता उरलेल्या नाहीत, एवढंच मला सांगायचं आहे.

पहिली जागा मागाची. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांत जमिनीत खड्डा असायचा. त्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या, हातांनी धोटा फेकायचा. सकाळी बसलेला माणूस जेवणापुरता उठायचा. सूत आणून देणारा आणि तयार लुगडं घेऊन जाणारा सोडला तर बाहेरच्या माणसाशी बोलायची वेळ यायची नाही. १८७७ साली मोरारजी गोकुळदासांची कापड गिरणी इथं सुरू झाली. पुढच्या तीसेक वर्षांत लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या, तेव्हा ती पहिली आपोआप जुनी गिरणी झाली. गिरणीत माणसं हजारोंनी होती, पण विणकाम खात्यातल्या आवाजात शेजारच्याचंही बोलणं ऐकू यायचं नाही. कामगार ओठ वाचायचे, बोटांनी खुणा करायचे.

माझे नायना लक्ष्मी-विष्णू गिरणीच्या विणकाम खात्यात होते. (तेलुगू घरात वडिलांना आम्ही नायना म्हणतो.) त्यांच्या खात्यातले लोक सांगायचे, तुझे वडील लई गमत्या माणूस. आम्हाला खरं वाटायचं नाही. घरी पाहुणा आला की नायना मागच्या दारानं निघून जायचे. मार्कंडेय देवळात जायचे तेही दुपारी, गर्दी नसताना. पण त्या आवाजात, जिथं कोणालाच बोलता येत नव्हतं, तिथं खुणांनी नकला करून ते सगळ्यांना हसवायचे.

नायना चौथी शिकलेले होते. तेलुगू पोथी वाचायचे, किराण्याचा हिशेब स्वतः मांडायचे, अक्षर वळणदार. तरी पगाराच्या दिवशी खिडकीशी ते अंगठा उठवायचे. संध्याकाळी अंगठ्याला जांभळी शाई दिसायची. मी शाळेत जायला लागल्यावर मला त्याची लाज वाटायला लागली. आमच्या मास्तरांनी साक्षरतेवर निबंध लिहायला सांगितला होता आणि माझेच वडील, लिहिता येत असून, अंगठेबहाद्दर. अम्माला विचारलं तर म्हणाली, "मागं रांग असते ना गं." मला उलगडा व्हायला पुष्कळ वर्षं गेली. समोर कारकून बघतोय, मागं रांग खोळंबलीय, अशात पेन धरलं की त्यांचा हात थरथरायचा. सही वाकडी आली तर लोक काय म्हणतील, या भीतीनं आणखी थरथरायचा. अंगठ्याला ती अडचण नाही. हात कापला तरी ठसा ठसाच राहतो. चारचौघांत घाबरट दिसण्यापेक्षा अडाणी दिसणं त्यांना परवडत होतं.

चारचौघांच्या देखत सही करणं, खाणं-पिणं, फोनवर बोलणं, वरिष्ठांसमोर उभं राहणं, या साध्या गोष्टींची भीती हे या विकाराचं ठरलेलं लक्षण आहे. आत एकच विचार चालू असतो: सगळे माझ्याकडे बघतायत, माझा हात कापतोय ते त्यांना दिसतंय, आता हसतील. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, घाम फुटतो, चेहरा तापतो. मग माणूस ती वेळच टाळतो, किंवा नायनांसारखी एखादी पळवाट शोधतो. पळवाटेनं त्या दिवसाची सुटका होते, पण सही नीट आली असती का हे कधीच कळत नाही, आणि पुढच्या महिन्याला भीती तेवढीच उरते.

बायकांची लपायची जागा विडीची. विड्या वळायचं काम पूर्वी कारखान्यात बसून चालायचं. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, कारखान्यावर जबाबदाऱ्या आल्या, आणि घरखेप, म्हणजे घरी बसून विड्या वळायचं काम, वाढत गेली. पान भिजवायचं, मापानं कातरायचं, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. सूप मांडीवर घेऊन बाई उंबऱ्याच्या आत दिवस काढू शकायची. पण रोज एकदा विड्या घेऊन कारखान्याच्या ब्रँचला जावं लागायचंच. तिथं चेकर मूठभर विड्या उचलायचा, बघायचा, आणि खराब म्हणून छाट काढायचा. ही छाट किती निघायची ते विडीवर थोडं आणि बाईच्या तोंडावर पुष्कळ अवलंबून असायचं. जी भांडायची तिची छाट कमी निघायची.

आमच्या शेजारच्या अक्का ब्रँचला कधीच जायच्या नाहीत. गल्लीतल्या पोरींच्या हाती विड्या पाठवायच्या. मीही नेल्यात. अक्कांची विडी अशी की हातात धरावीशी वाटावी, तरी छाट त्यांचीच जास्त. पोर काय भांडणार? हजार विड्यांच्या मजुरीतून रोज थोडी थोडी रक्कम या दुखण्यापायी कापली जायची आणि अक्का ती मुकाट्यानं सोसायच्या. लग्नाला त्या आहेर पाठवायच्या, स्वतः यायच्या नाहीत. गल्ली त्यांना देवमाणूस म्हणायची. कोणाच्या अध्यात ना मध्यात! त्या आजारी असतील असं कोणाच्या मनातही आलं नाही. माझ्याही नाही.

इथं एक फरक केला पाहिजे, नाहीतर सगळ्याच भीतीला आजार म्हणायची खोड लागते. याच सोलापुरात सेटलमेंट होती. गुन्हेगार जमाती कायद्याखाली माणसांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. त्यांची हजेरी व्हायची, बाहेर जायला परवानगी लागायची, आणि त्यातले कित्येक गिरण्यांत राबायचे. १९५२ साली कायदा गेला. त्या वस्तीतला माणूस चौकात खाली मान घालून चालत असेल तर त्याला चिंताविकार म्हणू नये. त्याच्यावर खरोखरच नजर होती. दलित पोराला हॉटेलात कप वेगळा मिळत असेल तर त्याचं बिचकणं हा त्याच्या मनाचा दोष नाही. भीती जेव्हा समोरच्या धोक्याच्या मानानं कितीतरी मोठी असते, महिनोन्महिने टिकते आणि शिक्षण, नोकरी, सोयरीक यांच्या आड येते, तेव्हाच डॉक्टर विकार म्हणतात. काळाची मर्यादा साधारण सहा महिन्यांची. अर्थात खरा अपमान सोसलेल्या माणसाला पुढं हा विकारही जडू शकतो, आणि मग दोन्ही निस्तरावं लागतं.

उपचार म्हणाल तर बुजऱ्या माणसाला सगळ्यात कमी मिळाले. ज्याचं डोकं उघड फिरलं त्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयात नेत. ज्याच्या अंगात यायचं त्याला गाणगापूरला नेत. अक्कलकोटहून पुढं गेलं की आलंच. दुपारच्या आरतीला तिथल्या खांबांवर चढून किंचाळणारी माणसं लहानपणी मीही पाहिली आहेत. पण नुसतं गप्प बसणाऱ्याला कोण कुठं नेणार? त्याचा कोणाला त्रासच नव्हता. मुलगा असला तर घरकोंबडा, बुळा म्हणून टोमणे, आणि मोठा झाल्यावर मित्रांनी दाखवलेली वाट: लग्नकार्यात चार माणसांत मिसळायचं तर आधी ताडी. ताडीनं त्या रात्री जीभ सुटते. त्या जोरावर संसार उधळलेले मी मोजायला गेले तर अर्धी गल्ली निघेल. मुलगी असली तर कौतुक. वर मान करून बघत नाही, शहाणी आहे.

मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम आठवा. दहा अनोळखी माणसं बसली आहेत, सगळ्यांची नजर एकीवर, आणि तिच्या हातात गरम चहाचा ट्रे. या विकाराच्या माणसाला घाम फोडायला यापेक्षा नेमकी परीक्षा कोणी ठरवूनही काढू शकणार नाही. पण कपबश्या किणकिणल्या की पाहुण्यांतली म्हातारी खूश व्हायची: लाजते पोरगी, वळण चांगलं आहे. पुढं लग्नात नाव घ्यायचा आग्रह. बाकीच्या नवऱ्या चार वेळा नाही म्हणून पाचव्यांदा घ्यायच्या. माझ्या एका मैत्रिणीला त्या आग्रहात भोवळ आली. रात्रभर उपास होता म्हणून आली असं ठरलं आणि तिला लिंबूसरबत दिलं.

एवढं असून या गावानं बुजऱ्यांसाठी काहीच केलं नाही असं म्हणवत नाही. नकळत केलं. सोलापूरचा गणपती लेझमीचा. उत्सवाच्या कितीतरी आधीपासून मंडळांचा सराव सुरू होतो. लेझमीच्या रांगेत प्रत्येकाचा हात एकाच ठेक्यावर वर जातो, त्यामुळं एकट्यावर कोणाचा डोळा ठरत नाही. नवा पोरगा शेवटच्या ओळीत उभा राहतो. हात बसला की मधल्या ओळीत येतो. मिरवणुकीच्या दिवशी हजारो लोकांच्या समोरून तो नाचत जातो आणि घरी येऊन जेवतो, काही झालेलं नसतं. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला असंच. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं नंदीध्वजांमागं चालतात, त्यात कोण बोलका कोण बुजरा ओळखू येत नाही. नंदीध्वज पेलणाऱ्याकडे मात्र सगळं गाव बघत असतं, आणि तोही एका दिवसात तिथं पोचलेला नसतो; सरावात हळूहळू तोल धरायला शिकलेला असतो. माझा धाकटा भाऊ नायनांसारखाच होता. त्याला बऱ्यापैकी माणसांत आणलं ते लेझमीनं, हे मी शपथेवर सांगेन.

वक्तृत्व स्पर्धेबद्दल मात्र मी तसं म्हणणार नाही. सभाधीटपणा हवा म्हणून आपल्याकडे शाळाशाळांत या स्पर्धा भरतात. त्यात उतरणारं पोर आधीच धीट असतं. त्याला ढाल मिळते, आणखी धीट होतं. ज्याला गरज असते ते स्पर्धेच्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरी राहतं. आणि सक्तीनं उभं केलं तर त्याहून वाईट. तेलुगू घरातलं पोर, मराठीत लिंगाची चूक होणार, 'माझा आई' म्हणून जाणार, वर्ग खो खो हसणार. ते हसू तेराव्या-चौदाव्या वर्षी बसलं की बसलं. हा विकार बहुतेकांत याच वयाच्या आगेमागे मूळ धरतो. सगळ्यांत येत नाही. काहींच्या घरातच भित्रेपणाचा वारसा असतो, काहींच्या वाट्याला टोचून बोलणारी माणसं आलेली असतात, काहींच्या दोन्ही.

पाश्चात्त्य वैद्यांनाही हे फार लवकर कळलं असं समजू नये. पॅरिसमध्ये पॉल हार्टनबर्ग यांनी १९०१ साली लाजाळू माणसांवर अख्खं पुस्तक लिहिलं, पिएर जाने यांनी दोन वर्षांनी माणसांत वावरण्याच्या भयाची वेगळी नोंद केली, आणि मग विषय अर्धशतकाहून अधिक काळ पडून राहिला. १९६६ साली लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातले आयझॅक मार्क्स आणि मायकेल गेल्डर यांनी निरनिराळ्या भयगंडांची सुरुवात कोणत्या वयात होते ते तपासलं, तेव्हा प्राण्यांचं भय लहानपणी येतं, माणसांचं वयात येताना, असा फरक दिसला. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा विकार आला तो १९८० साली. म्हणजे नायना पगाराच्या खिडकीशी अंगठा उठवत होते त्यातली बरीच वर्षं जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांकडेही त्यांच्यासाठी कागदावर रकाना नव्हता.

उपायाची गोष्ट अधिक रंजक आहे. अल्बर्ट एलिस हे न्यूयॉर्कचे मानसतज्ज्ञ. एकोणीस वर्षांचे असताना बायकांशी बोलायला इतके घाबरायचे की शेवटी त्यांनी स्वतःलाच शिक्षा लावली. महिनाभर ब्राँक्सच्या वनस्पतिउद्यानात जायचं आणि बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसून बोलायचं. जवळजवळ शंभर जणींशी ते बोलले. एकीनं परत भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. पण कोणी चप्पल उगारली नाही, पोलिसाला बोलावलं नाही, आभाळ कोसळलं नाही, आणि भीती ओसरली. (आपल्या पार्कात कोणा पोरानं हा प्रयोग केला तर चप्पल नक्की बसेल, तेव्हा तपशिलात जाऊ नये, तत्त्व घ्यावं.) पुढं १९५० च्या दशकात त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती उभी केली. ती मराठीत आणली मुंबईच्या कि. मो. फडके यांनी. एलिस यांच्याशी त्यांचा अनेक वर्षं पत्रव्यवहार होता, आणि त्यांनी मराठीत लिहून, शिकवून हा विचार डॉक्टरांच्या खोलीबाहेर काढला. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेल्या संस्थेनंही तो गावोगाव नेला. 'लोकांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे' ही मागणी सोडून 'म्हटलं तर बरं, नाही म्हटलं तरी मी जगेन' इथवर यायचं, हे फडक्यांचं मराठी वाचून माझ्यासारख्या शिक्षिकेलाही कळलं.

सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून आहे, आणि सिव्हिलला मानसोपचार विभाग आहे. पण पूर्व भागात 'वेड्याचा डॉक्टर' या शब्दाला अजून धार आहे. माझ्या वर्गात एक मुलगी होती, कुंभारीच्या विडी घरकुलातली. ही विडी कामगार बायकांची वसाहत; दहा हजार घरं, २००६ साली वाटप झालं, कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव तिला आहे. ती घरं मिळवायला बायकांनी काढलेले मोर्चे मी पाहिले आहेत. त्या मोर्चात पुढं असलेल्या बाईची ही लेक, आणि तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. लेखी परीक्षेत वर्गात पहिली दुसरी. दहावीला भाषेच्या तोंडी परीक्षेचे २० गुण असतात. नववीतच तिनं आईला सांगून टाकलं, मी शाळा सोडते, विड्या वळते.

आईला तयार करायला वेळ लागला. गोळ्या चालू झाल्या तर उद्या सोयरीक कशी जमणार, हा तिचा प्रश्न होता आणि मला त्याची चेष्टा करवत नाही. शेवटी शहरातल्या एका मानसतज्ज्ञ बाईंकडे आम्ही गेलो. पहिल्या भेटीत त्या मुलीशी फारसं बोलल्याच नाहीत, तिला कागद दिला. कशाकशाची भीती वाटते ते लिही, आणि प्रत्येकाला शंभरपैकी गुण दे. वर्गात उभं राहून वाचणं, शंभर. दुकानदाराकडे सुटे पैसे परत मागणं, पन्नास. बसमध्ये अनोळखी बाईला 'स्टॉप आला का' विचारणं, तीस. सुरुवात तिसापासून केली. रोज विचारायचं, भीती कमी होईपर्यंत, मग पुढची पायरी. लेझमीतल्या मागच्या ओळीची मला तेव्हाच आठवण झाली.

नुसत्या पायऱ्या चढून भागत नाही, हे मी तिथं शिकले. ती बोलताना ओढणी तोंडाशी धरायची आणि वाक्य मनात दहादा घोकून मग म्हणायची. बाईंनी दोन्ही बंद करायला लावलं. कारण बोलणं पार पडलं तरी ओढणीमुळं पार पडलं असं मनाला वाटत राहतं. नायनांच्या अंगठ्याचं गणित मला उलगडलं ते त्या खोलीत. ऑक्सफर्डचे डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ साली हे नीट मांडलं: असा माणूस समोरच्याकडे बघतच नाही, तो स्वतःची धडधड ऐकत बसतो आणि त्यावरून आपण बाहेरून कसे दिसत असू याचं भयंकर चित्र रंगवतो. म्हणून बाईंनी मोबाइलवर तिचं वाचन टिपलं. आधी तिला विचारलं, चेहरा किती लाल दिसेल? ती म्हणाली, मिरचीसारखा. मग दाखवलं. मुलगी पडद्यावरच्या मुलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ही तर नीट वाचतीय की." घरी आल्यावर रात्री 'मी असं का बोलले' म्हणून घोळवत बसायची सवय होती, तीही सोडायला शिकवलं.

असे उपचार साधारण तीन-चार महिने, आठवड्याला एकदा चालतात. या मुलीला गोळी लागली नाही. लहान वयात पहिला भर बोलून करायच्या उपचारांवर असतो. मोठ्यांत त्रास जास्त असला तर मानसोपचारतज्ज्ञ एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन अशा गटातली औषधं देतात. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून आठ दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नये, आणि बरं वाटलं म्हणून मनानं एकदम बंदही करू नये. तत्काळ शांत करणाऱ्या झोपेच्या जातीच्या गोळ्यांची सवय लागते. त्या मेडिकलवाल्याला विचारून घ्यायची गोष्ट नाही. भाषणाआधी धडधड थांबवायला प्रोप्रॅनोलॉल घेणारे आहेत. ती फक्त तेवढ्या वेळेपुरती, आणि दम्याच्या माणसानं तर तिच्या वाटेलाच जाऊ नये.

अमेरिकेत १९९९ साली या विकारासाठी पॅरॉक्सेटिनला मान्यता मिळाली आणि कंपनीनं जाहिरातींचा एवढा धडाका लावला की साध्या लाजाळूपणाचाही आजार करून विकताय, अशी टीका झाली. टीका रास्त असेल. पण पूर्व भागात राहून मला उलटी काळजी वाटते. इथं आजाराला स्वभाव म्हणून पोरांना विड्यांवर आणि मागावर बसवून टाकलं आहे. स्वभावानं लाजाळू माणूस उशिरा का होईना माणसांत रुळतो, त्याचं काही अडत नाही. ज्याचं शिक्षण सुटतं, नोकरी सुटते, लग्न ताडीवर निभतं, त्याला तुमच्या 'स्वभावच आहे' या समजुतीचा काय उपयोग?

आता तर बसवायलाही जागा नाही. जुनी गिरणी साठच्या दशकात बंद पडली, लक्ष्मी-विष्णू नव्वदच्या दशकात, नरसिंग गिरजीही गेली. हातमाग जवळजवळ संपले. चादरी-टॉवेलच्या यंत्रमागावर नवी पोरं टिकत नाहीत, ती पुण्याला जातात. तिथं मुलाखत, ग्रुप डिस्कशन, कॅमेरा लावून मीटिंग. दुकानात गिऱ्हाइकाशी बोला, फोनवर बोला, बोलल्याशिवाय पगार नाही. माझी ती मुलगी आज पुण्यात एका औषध दुकानात कामाला आहे. सभेत भाषण ती अजूनही करणार नाही. गिऱ्हाइकाला डोस समजावून सांगते, पगाराच्या कागदावर सही करते.

शिक्षकांना एवढंच सांगेन, तोंडी परीक्षेच्या दिवशी जे पोर हमखास आजारी पडतं त्याच्या घरी एकदा जाऊन या. त्याला एकदम स्टेजवर ढकलू नका, शेवटच्या ओळीपासून सुरू करा. आणि सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस नावाची सेवा सुरू केली आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. या विकाराच्या माणसाला फोन करणं हेच जड जातं. तेव्हा पहिल्यांदा घरातल्या कोणीतरी नंबर लावून द्या.